जंतुनाशक साबण आणि पुराव्याचा भार

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २ सप्टेंबर २०१६ रोजी एक अंतिम नियम जाहीर केला आणि घरगुती वापराच्या साबणांत व अंग धुण्याच्या द्रवांत ‘जंतुनाशक’ म्हणून मिसळल्या जाणाऱ्या १९ रसायनांना वर्षभराच्या मुदतीनंतर बाजारात मज्जाव केला. त्यांत प्रामुख्याने द्रवरूप साबणांत आढळणारे ट्रायक्लोसॅन आणि साबणाच्या वड्यांत आढळणारे ट्रायक्लोकार्बन ही दोन रसायने सर्वांत महत्त्वाची होती, कारण ‘जंतूंपासून संरक्षण’ असे छापलेल्या उत्पादनांचा मोठा भाग या दोहोंवरच उभा होता. ‘साबणात विष सापडले’ अशा थाटात हा निर्णय सांगितला गेला की त्याचा गाभा हातून निसटतो. ही रसायने घातक असल्याचे सिद्ध झाले आहे, असे प्रशासनाने म्हटलेच नव्हते. दररोज, आयुष्यभर वापरण्यासाठी ती निर्धोक आहेत आणि साध्या साबणापाण्यापेक्षा ती आजार अधिक टाळतात, या दोन गोष्टी उत्पादकांनी दाखवून द्यायच्या होत्या; पुरेशी मुदत मिळूनही त्यांपैकी एकही समाधानकारकपणे दाखवता आली नाही, एवढेच त्या नियमाचे म्हणणे होते.

हे ‘एवढेच’ वाटते तितके लहान नाही. औषधाच्या बाबतीत लाभ मोठा असेल तर थोडा धोका पत्करला जातो, आणि लाभ शून्याच्या आसपास असेल तर अगदी पुसट धोकासुद्धा जड ठरतो. जंतुनाशक साबणाचा सगळा वाद या हिशेबावर येऊन थांबतो. म्हणून साधा साबण स्वतः काय करतो आणि त्यात घातलेले रसायन त्या कामात कितपत भर टाकते, हे आधी पाहणे सोयीचे ठरते.

साबण म्हणजे तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीबरोबर शिजवली असता तयार होणारे मेदाम्लांचे लवण होय. त्याच्या प्रत्येक रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे, तर दुसरे लांब टोक पाणी टाळून तेलकट पदार्थांत शिरणारे असते. हातावरचा मळ, घाम आणि त्वचेचे तेल यांच्या थरात जिवाणू आणि विषाणू अडकलेले असतात. चोळल्यामुळे साबणाचे रेणू या थरात शिरतात, त्याचे बारीक बारीक गोळे करून त्यांना चहूबाजूंनी वेढतात, आणि वाहते पाणी तो सगळा ऐवज घेऊन जाते. या सूक्ष्म गोळ्यांना रसायनशास्त्रात ‘मिसेल’ म्हणतात. जंतू मेला की जिवंत राहिला हा प्रश्न येथे गौण असतो, कारण तो हातावर उरतच नाही. करोना किंवा इन्फ्लुएन्झा यांसारख्या ज्या विषाणूंवर मेदाचे आवरण असते, त्यांचे ते आवरणच साबणाच्या रेणूंमुळे विस्कटते. म्हणजे कोणतेही खास रसायन न मिसळलेला साबणही अशा विषाणूंच्या बाबतीत मारकच ठरतो.

साध्या साबणाची ही ताकद किती असते, याचा एक छोटा पण बोलका प्रयोग लंडनमध्ये झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सार्वजनिक ठिकाणच्या दारांच्या मुठी आणि कठडे मुद्दाम हाताळून आलेल्या स्वयंसेवकांनी काही वेळा हात धुतले नाहीत, काही वेळा नुसत्या पाण्याने धुतले, तर काही वेळा साधा, म्हणजे जंतुनाशक नसलेला, साबण घेऊन धुतले. विष्ठेतून येऊ शकणारे जिवाणू न धुतलेल्या हातांच्या ४४ टक्के नमुन्यांत सापडले. नुसत्या पाण्यानंतर हे प्रमाण २३ टक्क्यांवर आणि साध्या साबणानंतर ८ टक्क्यांवर आले. जंतुनाशक रसायनाला आपली उपयुक्तता सिद्ध करायची असेल, तर ती या उरलेल्या ८ टक्क्यांच्या अरुंद जागेत करावी लागते.

शिवाय हातावरचे सगळेच जंतू काढून टाकण्याच्या लायकीचे नसतात. फिलिप प्राइस या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९३८ मध्ये त्वचेवरील जिवाणूंचे दोन गट वेगळे दाखवले: एक त्वचेत कायमचा वस्तीला असलेला निवासी गट आणि दुसरा स्पर्शातून आलेला पाहुणा गट. निवासी गटातील बहुतेक जिवाणू निरोगी माणसाला त्रास देत नाहीत, उलट जागा आणि अन्न व्यापून राहिल्यामुळे बाहेरून येणाऱ्या उपद्रवी जिवाणूंना पाय रोवू देत नाहीत. अतिसार, विषमज्वर किंवा सर्दी पसरवतात ते प्रायः पाहुणे, आणि ते त्वचेच्या वरच्या थरावर असल्यामुळे साध्या धुण्याने सहज सुटतात. निवासी जिवाणू रोमछिद्रांत आणि खोलवर राहतात. त्यांना कमी करण्यासाठी खरोखरच जंतुनाशक लागते, पण ती गरज शस्त्रक्रियेपूर्वी हात धुणाऱ्या डॉक्टरची असते, जेवायला बसणाऱ्या माणसाची नव्हे.

साबणात जंतुनाशक घालण्याची कल्पना रुग्णालयातून घरात आली, आणि येताना तिथला धाक बरोबर घेऊन आली. जोसेफ लिस्टरने १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाचा, म्हणजेच फेनॉलचा, शस्त्रक्रियेतील वापर प्रसिद्ध केल्यावर तीन दशकांच्या आत इंग्लंडच्या लिव्हर बंधूंनी १८९४ मध्ये लाइफबॉय हा कार्बोलिक साबण बाजारात आणला आणि लवकरच तो हिंदुस्थानातही पोहोचला. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ सुरू झाली तेव्हा नगरपालिकेने घरे आणि गटारे कार्बोलिक आम्लाने धुऊन काढण्याचा सपाटा लावला होता. त्या उग्र वासाची आणि सुरक्षिततेची सांगड पुढे अनेक पिढ्यांच्या मनात पक्की बसली. झोंबते आणि वास मारते ते जंतू मारते, हा समज आजही आंघोळीच्या बादलीत टोपणभर डेटॉल ओतणाऱ्या घरांत टिकून आहे. डेटॉलमधील क्लोरोझायलेनॉल किंवा सॅव्हलॉनमधील क्लोरहेक्झिडीन व सेट्रिमाइड यांचा खरचटलेल्या जागी जपून केलेला वापर ही वेगळी गोष्ट आहे. बादलीभर पाण्यात पडलेल्या टोपणभर द्रवाचे प्रमाण इतके पातळ होते की त्यातून वासापलीकडे फारसे काही साधत नसावे.

विसाव्या शतकाच्या मध्याला हेक्झाक्लोरोफीन हे रसायन पुढे आले. १९४८ मध्ये अमेरिकेत निघालेला डायल साबण त्यावर आधारलेला होता, आणि रुग्णालयांत नवजात बालकांना त्याच्या द्रावणाने न्हाऊ घालण्याची पद्धत रूढ झाली. हे रसायन त्वचेतून रक्तात उतरते आणि मज्जासंस्थेला इजा करते, हे कळायला दोन दशके लागली. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये मॉराँज नावाच्या टाल्कम पावडरीत चुकून सहा टक्के हेक्झाक्लोरोफीन मिसळले गेले आणि ३६ मुले दगावली. त्याच वर्षी अमेरिकेने या रसायनाच्या मुक्त विक्रीवर निर्बंध घातले. या इतिहासाला दुसरी बाजूही आहे, आणि ती दडवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही: बालकांना त्या द्रावणाने न्हाऊ घालणे बंद केल्यावर काही रुग्णालयांच्या नवजात कक्षांत स्टॅफिलोकॉकस जिवाणूंच्या संसर्गात वाढ नोंदवली गेली. जेथे शेजारी शेजारी दाटीने असुरक्षित जीव असतात आणि एकाच परिचारिकेचे हात अनेकांना लागतात, तेथे जंतुनाशकाला खरे काम असते. प्रश्न आहे तो त्या कक्षाचा नियम घरातल्या मोरीला लावण्याचा.

रिकाम्या झालेल्या या जागेत ट्रायक्लोसॅनने प्रवेश केला. स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीने १९६० च्या दशकात विकसित केलेले हे रसायन सुरुवातीला रुग्णालयातील हात धुण्याच्या द्रवांत होते आणि तेथून ते साबण, टूथपेस्ट, दुर्गंधीनाशके, इतकेच नव्हे तर भाजी चिरण्याच्या प्लास्टिकच्या पाटांपर्यंत पोहोचले. अमेरिकी प्रशासनाने घरगुती जंतुनाशकांसाठीच्या नियमांचा पहिला मसुदा १९७० च्या दशकातच केला होता, १९९४ मध्ये त्यात सुधारणा केली आणि तरीही अंतिम नियम काढला नाही. शेवटी एका पर्यावरणवादी संघटनेने २०१० मध्ये न्यायालयात धाव घेतली, २०१३ मध्ये तडजोड झाली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात प्रशासनाने उत्पादकांकडे पुरावा मागितला. मसुद्यापासून अंतिम नियमापर्यंत सुमारे चार दशके गेली. एवढ्या काळात एक पिढी या साबणांवर लहानाची मोठी झाली, आणि त्या साबणांचा उपयोग होतो की नाही, हे त्या पिढीला कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते. नियामक संस्थांच्या आळसाची किंमत क्वचितच इतक्या स्पष्टपणे मोजता येते.

पुरावा गोळा झालाच नव्हता असे नाही. तो उत्पादकांना हवा तसा नव्हता, इतकेच. या विषयावरील सर्वांत वजनदार प्रयोग भारताच्या शेजारी, कराचीच्या दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांत, एप्रिल २००२ ते एप्रिल २००३ या वर्षभरात झाला. स्टीफन ल्यूबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ वस्त्या निवडल्या आणि त्यांतील २५ वस्त्यांत साबण देऊन हात धुण्याचा प्रसार केला, तर ११ वस्त्या तुलनेसाठी ठेवल्या. साबण मिळालेल्या घरांपैकी ३०० घरांना १.२ टक्के ट्रायक्लोकार्बन असलेला, तर ३०० घरांना साधा साबण देण्यात आला. दोन्हींची वेष्टने सारखीच होती, त्यामुळे कोणता साबण कोणाकडे गेला हे घरच्यांना कळत नव्हते आणि दर आठवड्याला येणाऱ्या कार्यकर्त्यांनाही कळत नव्हते. तुलनेच्या वस्त्यांतील ३०६ घरांना हात धुण्याविषयी काहीच सांगितलेले नव्हते. कार्यकर्ते घरोघरी जाऊन मुलांना जुलाब झाले का, खोकला वा धाप लागली का, अंगावर पुवाळलेले फोड आले का, याची नोंद ठेवत.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष दोन अर्थांनी थक्क करणारा होता. साबण मिळालेल्या घरांत पाच वर्षांखालील मुलांमधील न्यूमोनिया ५० टक्क्यांनी, १५ वर्षांखालील मुलांमधील अतिसार ५३ टक्क्यांनी आणि इम्पेटिगो हा पुवाळलेल्या फोडांचा त्वचारोग ३४ टक्क्यांनी कमी आढळला. इतका परिणाम देणारी स्वस्त उपाययोजना सार्वजनिक आरोग्यात फार थोडी असेल. आणि जंतुनाशक साबणाची घरे व साध्या साबणाची घरे यांच्यात कोणताही अर्थपूर्ण फरक नव्हता. या अभ्यासाला अर्थसाहाय्य प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबण बनवणाऱ्या कंपनीचे होते, ही गोष्ट त्याच्या विश्वासार्हतेला कमीपणा आणत नाही, उलट वाढवते. जंतुनाशक साबण वरचढ ठरावा असे वाटण्याचे व्यापारी कारण असलेल्यानेच तो तसा ठरत नसल्याचे प्रसिद्ध होऊ दिले.

कराचीतील परिस्थितीत तरी अधिक संसर्ग असल्यामुळे जंतुनाशकाला संधी होती. तुलनेने स्वच्छ शहरात ती आणखी आक्रसते. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील २३८ कुटुंबांवर एलेन लार्सन यांच्या चमूने ४८ आठवडे केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या घरांना जंतुनाशक साबण व स्वच्छता-उत्पादने आणि निम्म्या घरांना साधी देण्यात आली होती. खोकला, ताप, घसा दुखणे, उलटी, जुलाब यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही, आणि तो पडावा तरी कसा, कारण घरात फिरणारे असे बहुतेक आजार विषाणूजन्य असतात आणि ट्रायक्लोसॅनचा रोख जिवाणूंवर असतो. पुढे २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी ०.३ टक्के ट्रायक्लोसॅन असलेला आणि नसलेला असे दोन साबण २० जातींच्या जिवाणूंवर ताडून पाहिले. हात धुण्याइतक्या, म्हणजे वीस सेकंदांच्या, संपर्कात दोहोंत फरक दिसला नाही. जिवाणूंना त्यात तब्बल नऊ तास ठेवल्यावर मात्र ट्रायक्लोसॅनने आपला प्रभाव दाखवला. नऊ तास हात धूत बसणारा माणूस सापडणे कठीण आहे. काही प्रयोगशाळांत जंतुनाशक साबणाने हातावरील जिवाणूंची संख्या साध्या साबणापेक्षा किंचित अधिक घटल्याचेही दिसले आहे, परंतु संख्येतील अशा घटीमुळे घरातल्या माणसांचे आजारपण कमी होते, असे कोणी दाखवू शकलेले नाही.

येथे वेष्टनावरच्या ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ या वाक्याचा हिशेब मांडणे उचित होईल. दहा लाख जिवाणूंपैकी ९९.९ टक्के नष्ट झाले तरी एक हजार उरतात, आणि अनुकूल स्थितीत काही जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. हा आकडा येतो तो प्रयोगशाळेतून, जेथे निवडक जातींचे जिवाणू ठरावीक तीव्रतेच्या द्रावणात ठरावीक काळ ठेवलेले असतात. सुरकुत्या, नखे, अंगठी आणि घाई असलेला खरा हात त्या चाचणीत नसतो. आकडा खोटा नसतो. तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तो प्रश्न ग्राहकाने विचारलेलाच नसतो.

ट्रायक्लोसॅनविषयी वैज्ञानिकांची चिंता वाढली ती १९९८ पासून. तोवर असा समज होता की हे रसायन जिवाणूचा पडदा सरसकट फाडून टाकते, त्यामुळे त्याविरुद्ध प्रतिरोध निर्माण होणे अवघड आहे. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातील लॉरा मॅकमरी आणि स्टुअर्ट लेव्ही यांच्या गटाने ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की कमी मात्रेत ट्रायक्लोसॅन एका विशिष्ट विकराला, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या एका प्रथिनाला, जाऊन चिकटते. हे विकर जिवाणूंना मेदाम्ले तयार करण्यासाठी लागते. लक्ष्य एकच असेल तर त्यात एखादा लहानसा जनुकीय बदल झाला की जिवाणू निसटू शकतो. प्रतिजैविक औषधांच्या बाबतीत नेमके हेच घडते. म्हणजे साबणात सर्वसाधारण विष नव्हे, तर औषधासारखे नेमके काम करणारे द्रव्य मिसळले जात होते. ते किती औषधासारखे आहे, याची साक्ष बंगळुरूमध्ये मिळाली: २००१ मध्ये नमिता सुरोलिया आणि अवधेश सुरोलिया यांनी ट्रायक्लोसॅन हिवतापाच्या परजीवीची रक्तातील वाढ रोखते, असे दाखवले होते.

भारतीय वाचकाला अधिक जवळची गोष्ट अशी की क्षयरोगाच्या जिवाणूमधील याच कुळातील विकर हे आयसोनियाझिड या क्षयरोगावरील पहिल्या फळीतील औषधाचे लक्ष्य आहे, आणि क्षयरोगाच्या जिवाणूच्या नात्यातील एका निरुपद्रवी जिवाणूत ट्रायक्लोसॅनला दाद न देणारे काही बदल आयसोनियाझिडलाही दाद देत नाहीत, असे टफ्ट्सच्या त्याच गटाने पुढे दाखवले. यावरून जंतुनाशक साबणामुळे क्षयरोगाची औषधे निकामी होत आहेत असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे होईल. तसा पुरावा नाही. मॅनहॅटनच्या त्याच कुटुंबांच्या हातांवरील जिवाणू वर्षाअखेरीस तपासले गेले तेव्हाही औषधांना दाद न देणाऱ्यांचे प्रमाण जंतुनाशक वापरणाऱ्या घरांत लक्षणीयरीत्या वाढलेले आढळले नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली शक्यता आणि घरात मोजलेली वस्तुस्थिती यांच्यात अंतर आहे, आणि ते तसेच मान्य करणे योग्य. पण वर्षभराच्या एका अभ्यासात न दिसलेला धोका कोट्यवधी घरांत अनेक दशके चाललेल्या वापरात दिसणारच नाही, अशी ग्वाही देणेही तितकेच अवघड. दुसरीकडे स्यूडोमोनास या रुग्णालयांत उपद्रव देणाऱ्या जिवाणूला ट्रायक्लोसॅन मुळातच बाधत नाही, कारण त्याच्याकडे तेच काम करणारे दुसरे, ट्रायक्लोसॅनला न जुमानणारे विकर असते.

मानवी शरीरावरील परिणामांबाबत चित्र धूसर आहे, पण रिकामे नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २००३-०४ च्या राष्ट्रीय पाहणीत २,५१७ व्यक्तींचे लघवीचे नमुने तपासले आणि सुमारे तीन-चतुर्थांश लोकांच्या शरीरात ट्रायक्लोसॅन आढळले. म्हणजे ते त्वचेतून आणि तोंडातून आत जाते यात शंका उरली नाही. उंदीर आणि बेडूक यांच्यावरील प्रयोगांत त्याने अवटू ग्रंथीच्या संप्रेरकांच्या, म्हणजे शरीराची वाढ आणि ऊर्जेचा वापर ठरवणाऱ्या रासायनिक संदेशांच्या, कार्यात ढवळाढवळ केली. माणसात तेवढ्या मात्रेने तसेच होते का, याचे उत्तर नि:संदिग्ध नाही, आणि अनेक लेखांत भीतीचा सूर लावला जातो तो याच ठिकाणी पुराव्याच्या पुढे धावतो. त्वचेच्या कोरडेपणाचा आणि खाजेचा प्रश्न मात्र साध्या साबणालाही लागू आहे: त्वचेचा सामू साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी, तर साबणाचा ९ ते १० असतो, त्यामुळे वारंवार धुतल्याने कोणताही साबण त्वचेचे संरक्षक तेल काढतो.

मोरीतून वाहून गेलेल्या ट्रायक्लोसॅनचा प्रवास तेथे संपत नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत त्याचा बराचसा भाग गाळात साठतो आणि उरलेला नद्यांत उतरतो. तमिळनाडूतील कावेरी, वेल्लार आणि ताम्रपर्णी या नद्यांच्या पाण्यात ते मोजले गेले आहे. सूर्यप्रकाशात त्याच्यापासून डायॉक्सिन गटातील काही संयुगे तयार होऊ शकतात, आणि शेवाळासारख्या पाण्यातील अन्नसाखळीच्या तळाच्या सजीवांना ते अगदी अल्प मात्रेतही मारक ठरते. २०१७ मध्ये दोनशेहून अधिक वैज्ञानिकांनी आणि डॉक्टरांनी ‘फ्लॉरेन्स निवेदन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका पत्रकाद्वारे या दोन्ही रसायनांचा अनावश्यक वापर थांबवण्याचे आवाहन केले. युरोपीय संघाने त्याआधीच, २०१६ च्या जानेवारीत, मानवी स्वच्छतेच्या जंतुनाशक उत्पादनांसाठी ट्रायक्लोसॅनला मंजुरी नाकारली होती.

अमेरिकी नियमाने तीन रसायने निकालातून तूर्त वगळली: बेन्झाल्कोनियम क्लोराइड, बेन्झेथोनियम क्लोराइड आणि क्लोरोझायलेनॉल. त्यांच्याविषयी अधिक अभ्यास करून पुरावा देण्याची मुदत उत्पादकांना मिळाली. त्यामुळे ट्रायक्लोसॅन गेले तरी ‘जंतुनाशक’ हे बिरूद वेष्टनांवर टिकले, फक्त त्याखालचे रसायन बदलले. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी अनेक उत्पादनांतून ट्रायक्लोसॅन आणि ट्रायक्लोकार्बन काढून घेतली आहेत, तरी साबण घेताना वेष्टनामागच्या घटकांच्या यादीवर नजर टाकणे शहाणपणाचे. या रसायनांच्या जागी ओव्याच्या अर्कातील थायमॉल, निलगिरी किंवा कडुनिंब येते तेव्हा ती ‘नैसर्गिक’ म्हणून पुराव्याच्या भारातून सुटत नाहीत; तोच प्रश्न त्यांनाही विचारायला हवा, आणि साध्या साबणापेक्षा सरस असल्याचा घरगुती वापरातील पुरावा तेथेही शोधावाच लागतो.

भारतातील साबणांच्या वेष्टनावर ‘जंतुनाशक’ या ठळक अक्षरांपेक्षा अधिक उपयोगी माहिती अनेकदा बारीक अक्षरांत असते. ‘टीएफएम’ म्हणजे एकूण मेदद्रव्याचे प्रमाण, अर्थात वडीत खरा साबण किती आहे त्याचे माप. भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणानुसार ‘टॉयलेट सोप’ या वर्गात पहिल्या श्रेणीच्या साबणात ते किमान ७६ टक्के असावे लागते, दुसऱ्या श्रेणीत ७० आणि तिसऱ्या श्रेणीत ६०. ‘बेदिंग बार’ असे लिहिलेल्या वडीत ते ४० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. मेदद्रव्य कमी असलेली वडी पाण्यात लवकर मऊ होऊन झिजते आणि महिन्याच्या किराणा यादीत साबण एकदा जास्त लिहावा लागतो.

जंतुनाशकाची वाजवी जागाही सांगितली पाहिजे. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, भाजलेल्या रुग्णांचे कक्ष, आणि डॉक्टरने ज्यांना विशिष्ट औषधी साबण लिहून दिला आहे असे त्वचारोगाचे किंवा प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांच्यासाठी त्याचा उपयोग आहे. २०१६ चा नियम रुग्णालयांच्या उत्पादनांना लागूही नव्हता. पाणी जवळ नसेल तेव्हा किमान ६० टक्के अल्कोहोल असलेला सॅनिटायझर उपयोगी पडतो, पण हाताला माती किंवा तेल लागलेले असेल तर तो कमी प्रभावी ठरतो.

घरगुती आरोग्याच्या दृष्टीने महाराष्ट्रासह सगळ्या देशापुढचा प्रश्न साबणात काय मिसळले आहे हा नसून तो कधी हातात येतो हा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत, २०१८ मध्ये, शौचानंतर साबण किंवा डिटर्जंट वापरून हात धुणारी कुटुंबे ७४.१ टक्के आढळली, परंतु जेवणापूर्वी तसे करणारी ३५.८ टक्केच होती, ६०.४ टक्के कुटुंबे जेवणाआधी नुसत्या पाण्याचा हात फिरवून पानावर बसत होती. ज्या संस्कृतीत वरणभात हाताने कालवून खाल्ला जातो, तेथे या दोन आकड्यांतील दरी अतिसाराला थेट वाट करून देते. जुन्या काळी ग्रामीण घरांत चुलीची राख हात धुण्यासाठी वापरली जाई, आणि घर्षण व अल्कधर्मी गुण यांमुळे ती नुसत्या पाण्यापेक्षा बरी ठरते, असे बांगलादेशातील अभ्यासांत दिसलेही आहे; चूल गेली, राख गेली, आणि अनेक घरांत तिची जागा जेवणाच्या वेळेपुरती कशानेच घेतली नाही. साबण बहुधा न्हाणीघरात असतो, बेसिन असले तर त्याच्याजवळ, पण नळ नसलेल्या घरात हात धुवायचे पाणी ओट्याखालच्या बादलीत किंवा अंगणातल्या पिंपात असते आणि तेथे साबणाची वडी ठेवायला जागाच नसते. शाळांत मध्यान्ह भोजनाच्या रांगेत शंभर-दीडशे मुले उभी राहतात तेव्हा एकाच नळाशी एकच वडी असेल, तर वीस सेकंद चोळून धुणे कोणालाच शक्य नसते. म्हणून आडव्या नळीला ओळीने तोट्या बसवून प्रत्येकीजवळ जाळीच्या पिशवीत साबण टांगण्याची जी साधी रचना काही शाळांनी केली आहे, तिच्यावर केलेला खर्च महागड्या जंतुनाशक द्रवाच्या बाटल्यांवरील खर्चापेक्षा अधिक मुलांच्या हातांपर्यंत पोहोचतो.